केळीचे घड वाहणाऱ्या पाठीला यंत्राचा आधार द्यावा का?

तापीकाठ (रावेर)
परवा आमच्या बागेत केळीची कापणी झाली. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन माणूस बांधापर्यंत येतो, गाडीत देतो, परत फिरतो. दिवसभर हेच. टोळीतल्या एकाला चाळिशीतच वाकून चप्पल घालता येत नाही. ते पाहिल्यापासून चैन नाही.

पाठीला आधार देणारे, अंगावर चढवायचे सांगाडे आता निघालेत. काहींना बॅटरीही लागत नाही. वाकताना स्प्रिंग ताणली जाते, उठताना तोच ताण वर ढकलतो. हात वर धरून काम करणाऱ्या कामगारांसाठी फोर्डने २०१८ मध्ये आपल्या कारखान्यांत अशाच जातीची जाकिटं आणली. तिथल्या खांद्याची काळजी होते, मग बागेतल्या पाठीची का नको? ताकद वाढवणारं तंत्र आधी अंगमेहनतीच्या कामात यावं, असं माझं ठाम मत आहे.

पांढरं सोनं (धरणगाव)
कळकळ पटते भो, पण माझा विरोध. मे महिन्यात इथे पारा ४५ गाठतो. छातीला नि मांड्यांना पट्टे आवळून कोण राबेल? कारखान्यात सपाट फरशी असते. बागेत चिखल, पाला, ठिबकच्या नळ्या.

आणि उद्या सांगाडा आला की मुकादम म्हणेल, आता दोन घड उचल. मजुरी मात्र तीच.

तापीकाठ (रावेर)
उन्हाचं मान्य. मुकादमाचं नाही. सांगाडा नसतानाही पाठ मोडतेच आहे ना?

धडगावची बाई
मी सातपुड्यातल्या पाड्यांवर शिकवते. वर्गात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत. सांधे धरले की आठवडाभर शाळेत येत नाहीत.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये या आजारावर क्रिस्पर या जनुकं बदलायच्या तंत्राने केलेल्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून त्यांत बदल करतात, केमोथेरपी देतात आणि त्या पेशी परत सोडतात. मग बाळाच्या रक्तात गर्भात असताना जे हिमोग्लोबिन असतं, तेच पुन्हा बनू लागतं. अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर. हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळीही, कमी प्रमाणात का होईना, तेच हिमोग्लोबिन वाढवते. ती गोळी दर महिन्याला न चुकता पाड्यावर पोहोचावी, वेळच्या वेळी रक्त तपासलं जावं, यासाठी आम्ही धडपडतो. आहे ते शेवटच्या घरापर्यंत जाऊ द्या, मग सांगाडे बघू.

लोको कॉलनी (भुसावळ)
बाई, मी तुमच्याही बाजूने आहे आणि तापीकाठ यांच्याही. माझ्या मुलीला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्या वर्षी कानात कॉक्लियर इम्प्लांट हे यंत्र बसवलं. तारा थेट श्रवणाच्या नसेला संकेत देतात. आज ती पाचवीत आहे, आजीशी अहिराणीत भांडते. हे तंत्र कुणीतरी 'आधी बाकीचं होऊ द्या' म्हणून थांबवलं असतं तर?

पण झोप उडवणारी गोष्ट निराळी. कानामागचा प्रोसेसर जुना झाला, त्या मॉडेलचे भाग यायचे बंद झाले, असं आम्हाला सांगितलं. नवा घ्यायचा तर कर्ज. अमेरिकेतल्या सेकंड साइट नावाच्या कंपनीने ३५० हून अधिक अंधांच्या डोळ्यांत यंत्र बसवलं आणि पुढे अडचणीत आल्यावर त्याची देखभालच सोडून दिली. यंत्र शरीरात, वाली कुणी नाही.

याउलट १९६० च्या दशकात निघालेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय बघा. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. मांडी घालता येते, उकिडवं बसता येते, अनवाणी चिखलात जाता येतं. आपल्या माणसाचं बसणं-उठणं बघून केलेली वस्तू आहे ती. सांगाडा आणायचा तर तसा आणा, गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता येईल असा.

पांढरं सोनं (धरणगाव)
त्या टोळीतल्या माणसाला कुणी विचारलंय का?

तापीकाठ (रावेर)
नव्हतं विचारलं. काल घरी जाऊन बसलो त्याच्याकडे. मोबाइलवर सांगाड्याचा व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा पाहिला आणि म्हणाला, आधी बागेत हातगाडी जाईल एवढी वाट सोडा, मग हे घालून बघेन.

पुढच्या लागणीत दर काही ओळींनंतर एक रुंद पट्टा मोकळा ठेवतोय. रोपं कमी बसतील. सांगाड्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, हिवाळ्यात एक मागवणार आहे.

पांढरं सोनं (धरणगाव)
पट्टा किती फुटांचा ठेवताय?

तापीकाठ (रावेर)
टोळीतला तो माणूसच मोजायला येणार आहे रविवारी.