मदत हवी आहे: उंदीर ४ वर्षं, वटवाघूळ ४१, हे पोरीला कसं समजावू?

मंडळी, लेक सातवीत आहे, आयुर्मानावर प्रोजेक्ट दिलाय आणि परवा राणीच्या बागेतून येताना बसमध्ये तिने मला पार गप्प केलं. सरासरी आयुष्य आणि कमाल आयुष्य वेगळं एवढं सांगितलं, म्हणजे लस आली, पाणी स्वच्छ झालं, लहान मुलं दगावायची कमी झाली की सरासरी वाढते, पण कमाल आकडा तिथेच, फ्रान्सच्या जान काल्माँ बाई १९९७ ला १२२ वर्षांच्या होऊन गेल्या त्यानंतर कोणी तिथवर पोचलंच नाही. इथपर्यंत ठीक.

मग म्हटलं मोठा प्राणी जास्त जगतो, बोहेड व्हेल २०० च्या वर जातो. तर म्हणे मग सायबेरियातलं ते सात-आठ ग्रॅमचं वटवाघूळ ४१ वर्षं कसं जगलं? नेकेड मोल रॅट, म्हणजे बिळात राहणारा बिनकेसांचा प्राणी, उंदराएवढाच, तोही तिशी ओलांडतो. वाचलं की उंदराला कधीही कोणीतरी खाणारच, म्हणून त्याचं शरीर डागडुजीवर खर्च न करता पटापट पिल्लं काढतं, वटवाघूळ उडून सुटतं, मोल रॅट जमिनीखाली सेफ. मला पटलं.

पण हिचा पुढचा प्रश्न, आपल्या चाळीतला उंदीर मांजरापासून लांब, खाऊपिऊ घालून पाळला तर? तरी चारेक वर्षांतच आटपतो ना, मग धोका गेल्यावरही शरीर जुनाच हिशोब का चालवतं? जीन्स, म्हणजे जनुकांमुळे, म्हटलं तर तोंड वाकडं करते. कोणी बायोलॉजीवाले असाल तर घरातलं एखादं उदाहरण द्या ना, सोमवारी चार्ट द्यायचाय.