शब्दचर्चा: खडकात तोंड दिसतं त्याला मराठीत काय म्हणायचं?

हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलं की लाटांनी खडकाची पार चाळण केलेली दिसते, आणि त्यात दोन भोकं शेजारीशेजारी नि खाली एक आडवी चीर असली की झालं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय. इंग्रजीत याला पॅरिडोलिया म्हणतात, ग्रीक आयडोलॉन म्हणजे प्रतिमा त्यावरून. मराठीत सुटसुटीत शब्द आहे का? लेखात सध्या दृष्टिभ्रम लिहिलंय पण पटत नाहीये.

— दृष्टिभ्रम नकोच. दोरीला साप समजून माणूस टुणकन उडी मारतो तो भ्रम, इथे दगड आहे हे पक्कं माहीत असूनही तोंड दिसतंच, म्हणून भास. मंगळावरचा तो चेहरा घ्या, १९७६ साली व्हायकिंग १ यानाचा फोटो आला तेव्हाच नासाने सांगितलेलं की हा सावल्यांचा खेळ आहे. हा झाला भास. पण तिथे कोणीतरी पुतळा बांधलाय म्हणून ज्यांनी पुस्तकं काढली त्यांचा मात्र भ्रम. २००१ ला मार्स ग्लोबल सर्व्हेयरने जवळून फोटो काढला, निघाली साधी टेकडी!

— मग मुखाभास करा की. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखं (तर्कातल्या कारणासारखं) दिसतं पण हेतू नाही, विरोधाभासाचंही तेच, त्याच चालीवर.

— आणि ढगात हत्ती दिसला तर? पॅरिडोलियात तोही येतो. रूपाभास जास्त बरा, मुखाभास त्यातला एक प्रकार.

— चालेल, फक्त गणपतीपुळ्यात वापरू नका हां 😄 तिथे डोंगरच गणपती मानून प्रदक्षिणा घालतात, त्याला शब्द स्वयंभू. रूपाभास म्हणालात तर पुजाऱ्यांचं सोडा, आमची आजीच जेवायला वाढणार नाही. आणि प्लीज कातळशिल्पं यात घुसडू नका, उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यावरची चित्रं माणसाने जांभ्यात कोरलेली आहेत, ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून फॉरवर्ड आलं की डोकंच फिरतं.

— एवढी नामं कशाला पाडताय, भासणे आहे ना. ‘या खडपात म्हातारीचं तोंड भासतं’, कोणालाही कळेल.

— बोलताना ठीक, पण मला हेडिंगला नामच लागणार ना. हेडिंगला रूपाभास, आत सगळीकडे भासतं.