११ वर्षांची पक्षीगणना एक्सेलमध्ये पडून आहे, जीबिफवर टाकायची तर डार्विन कोअर कसं करतात?

तळ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं-चौघं मिळून एका तळ्यावर २०१३ पासून पाणपक्षी मोजतोय, महिन्यातून एकदा, सकाळी, तीच वाट तोच वेळ. आधी वह्या होत्या, मग आमच्यातल्या एकाने सगळं एक्सेलमध्ये चढवलं. शीट अशी आहे की प्रत्येक फेरीची एक ओळ (१२६ फेऱ्या झाल्यात, मधले काही महिने चुकलेत) आणि आडवे ६४ कॉलम, एका पक्ष्याचा एक, आत आकडा. दिसला नसेल तर चौकोन रिकामा.

आता सगळे म्हणतात जीबिफवर, म्हणजे जगभरच्या सजीवांच्या नोंदींचा जो खुला साठा आहे त्यावर, टाका म्हणून. साइटवर गेलो तर डार्विन कोअर, आर्काइव्ह, आयपीटी, एक्स्टेन्शन, डोकं भणाणलं. प्रश्न असे : १) ही आडवी शीट चालेल का? २) रिकामे चौकोन उडवले तर फाइल हलकी होईल, उडवू का? ३) तारखा दोन जणांनी दोन पद्धतीने लिहिल्यात, कुणी दिवस आधी कुणी महिना आधी 🙈 ४) आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीपण वाटते, ११ वर्षं आपण पहाटे उठायचं आणि कुणीतरी एका क्लिकमध्ये उचलून पेपर छापणार?

रकानेवाली:
आधी घाबरणं बंद करा, डार्विन कोअर म्हणजे सॉफ्टवेअर नाहीये, ती फक्त रकान्यांच्या नावांची एक ठरलेली यादी आहे, प्रत्येक नावाचा अर्थ पक्का. टीडीडब्ल्यूजी नावाची संघटना ती सांभाळते, २००९ मध्ये तिला अधिकृत मानक केलं. तुम्ही म्हणता ‘दिनांक’, दुसरा म्हणतो ‘भेटीची तारीख’, तिसऱ्याकडे दिवस-महिना-वर्ष असे तीन कॉलम, मशीनला काय कळणार. सगळ्यांनी इव्हेंटडेट लिहिलं की जगातल्या कुठल्याही दोन शीट एकमेकींना जोडता येतात, एवढंच आहे ते. आणि आर्काइव्ह म्हणजे झिप फाइल, आत साध्या टेक्स्ट फाइली, कुठला कॉलम कशाचा हे सांगणारी एक छोटी फाइल आणि डेटासेटची माहिती देणारी एक. ती झिप आयपीटी, म्हणजे जीबिफचं डेटा प्रकाशित करायचं सॉफ्टवेअर, स्वतःच बनवून देतं, तुम्हाला फक्त टेबल द्यायचं.

आडवी शीट चालणार नाही. एका ओळीत एक पक्षी एक फेरी, अशी उभी करावी लागेल, एक्सेलच्या पॉवर क्वेरीत अनपिव्हॉट आहे, दोन मिनिटांचं काम.

तारखा : वर्ष-महिना-दिवस, म्हणजे २०१४-०६-०४ असं. ४/६/२०१४ सारख्या ठिकाणी अडलात तर मूळ वही काढा, आधीची नोंद मेमधली आणि पुढची जुलैमधली असेल तर ती जूनच. वहीनेही नाही सुटलं तर इव्हेंटडेटमध्ये नुसतं २०१४ ठेवा आणि जे लिहिलंय ते जसंच्या तसं व्हर्बेटिमइव्हेंटडेट या रकान्यात. अंदाजाने भरू नका, चुकीची तारीख अपुऱ्या तारखेपेक्षा वाईट, कारण ती चूक आहे हे नंतर कुणालाच दिसत नाही.

अक्षांश-रेखांश दशांशात. १२ अंश ३० मिनिटं म्हणजे १२.५, लोक बिनधास्त १२.३० लिहितात आणि पक्षी बावीस किलोमीटर सरकतो. नाहीतर रकाना मोकळा राहतो, कुठलीतरी स्क्रिप्ट त्यात शून्य-शून्य भरते आणि सगळी बदकं आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन बसतात.

शून्यवादी:
बाकी सगळं वरच्या ताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त प्रश्न २ वर लिहितो कारण तिथे तुमच्या डेटाचा जीव आहे. रिकामे चौकोन उडवू नका!! उडवलेत तर तुमच्या ११ वर्षांची किंमत कुणीतरी सहज फिरायला जाऊन टिपलेल्या नोंदींइतकी होईल.

असं बघा, जीबिफवर अब्जावधी नोंदी आहेत पण त्यातल्या बहुतेक ‘इथे हा दिसला’ एवढंच सांगतात. न दिसलेल्याचं कोण लिहितो. तुम्ही मात्र ठरलेल्या वाटेने ठरलेला वेळ मोजलंय, त्यामुळे एखादं बदक २०१९ नंतर एकदाही आलं नाही असं तुमची शीट ठामपणे म्हणू शकते. त्यासाठी नुसता ऑकरन्स (सुट्या नोंदींचा) प्रकार न घेता सॅम्पलिंग इव्हेंट (ठरलेल्या पद्धतीच्या फेऱ्यांचा) प्रकार घ्या. दोन टेबलं होतील. पहिलं फेऱ्यांचं, १२६ ओळी : इव्हेंटआयडी (फेरीचा ओळखक्रमांक), तारीख, जागा, मोजणीची पद्धत, किती वेळ किती माणसं. दुसरं पक्ष्यांचं (तुम्ही म्हणालात ते एक्स्टेन्शन हेच), ते त्याच इव्हेंटआयडीने पहिल्याला जोडायचं, त्यात संख्या आणि ऑकरन्सस्टेटस म्हणजे प्रेझेंट की ॲबसेंट.

१२६ गुणिले ६४ म्हणजे ८०६४ ओळी, कम्प्युटरला त्याचं काही नाही. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, रिकामा चौकोन म्हणजे नक्की काय? दिसला नाही, की त्या दिवशी तो मोजायचाच नव्हता? ६४ चे ६४ पक्षी पहिल्या दिवसापासून यादीत होते का?

तळ्याकाठचा:
अरे बापरे. नव्हते. चांगला प्रश्न काढलात, आत्ता फोन करून विचारलं. २०१६ पर्यंत आम्ही बगळे वेगळे ओळखत नव्हतो, मोठा, मधला, लहान सगळे ‘पांढरे बगळे’ म्हणून एका कॉलमात. नंतर तीन कॉलम झाले आणि जुन्या ओळींमध्ये तिन्ही रिकामे.

शून्यवादी:
हेच ते. सरसकट रिकाम्याचं ॲबसेंट केलं असतं तर २०१३ ते २०१६ तळ्यावर एकही बगळा नव्हता आणि मग अचानक तीन जातींची लाट आली असं कुणीतरी ग्राफ काढून सिद्ध केलं असतं 😅 त्या वर्षांसाठी या तीन जातींच्या ओळीच बनवू नका, ना हो ना नाही. त्याऐवजी एक ओळ, शास्त्रीय नावाच्या जागी बगळ्यांच्या कुळाचं नाव आर्डेइडी, टॅक्सनरँक म्हणजे नावाची पातळी फॅमिली, आणि व्हर्बेटिमआयडेंटिफिकेशनमध्ये तुमच्या वहीतलं ‘पांढरे बगळे’. जेवढं माहीत तेवढंच म्हणायचं. आणि यादी कधी बदलली हे पद्धतीच्या वर्णनात दोन ओळीत लिहा, डेटा वापरणारा शहाणा असेल तर सगळ्यात आधी तेच वाचतो.

जुनापापी:
प्रश्न ४ ला कुणी हात लावला नाही म्हणून. हीच भीती मलाही होती, मी ३ वर्षं डेटा दाबून बसलो आणि मग हार्ड डिस्क गेली, तो किस्सा परत कधीतरी.

जीबिफवर डेटासेटला स्वतःचा डीओआय, म्हणजे उल्लेख करण्यासाठी कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. कुणी डेटा उतरवून घेतला की त्या डाउनलोडलाही डीओआय मिळतो आणि त्यात कुठले कुठले डेटासेट आले ते नोंदलेलं असतं, त्यामुळे पेपरात तो दिला की तुमच्या पानावर उल्लेख दिसतो. आता लोक देतात का? सगळे नाही देत. पण एक्सेल मेलवर मागून नेणारे त्याहून कमी देतात, हा अनुभव आहे. लायसन्स तीनच चालतात, सीसी झिरो (काहीच अट नाही), सीसी बाय (श्रेय द्या) आणि सीसी बाय-एनसी (श्रेय द्या, व्यावसायिक वापर नको). मी सीसी बाय घेतलं. एनसी ऐकायला सुरक्षित वाटतं पण व्यावसायिक वापर म्हणजे नक्की काय यावर वाद घालत बसावं लागतं आणि भला माणूसच त्याला घाबरून डेटा सोडून देतो.

अजून एक, व्यक्ती म्हणून थेट टाकता येत नाही, प्रकाशक म्हणून नोंद असलेली संस्था लागते. नोंदणीला पैसे नाहीत. संस्था नसेल तर आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेला गाठा. आणि यातल्या फेऱ्या कुणी ई-बर्डवर (पक्षीनोंदींची साइट) टाकल्यात का ते बघा, ई-बर्डचा डेटा जीबिफवर जातोच, मग एकच बदक दोनदा पोहेल.

रकानेवाली:
घुबडाची ढोली, शिकारी पक्ष्यांची घरटी असलं काही शीटमध्ये असेल तर नेमकी जागा देऊ नका हं. अक्षांश-रेखांश मुद्दाम ढोबळ करा आणि डेटाजनरलायझेशन्समध्ये तसं लिहा. गुपचूप आकडे हलवले तर ती फसवणूक, सांगून हलवले तर काळजी.

आणि ऑकरन्सआयडीला, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या ओळखक्रमांकाला, ओळ क्रमांक वापरू नका. एकदा सॉर्ट केलं की क्रमांक इकडचे तिकडे आणि पुढच्या वर्षी अपडेट टाकाल तेव्हा सगळ्या नोंदी नव्याच समजल्या जातील. इव्हेंटआयडी आणि पक्ष्याचा एक कोड जोडून बनवा, एकदा दिला की मग पक्ष्याचं शास्त्रीय नाव बदललं तरी आयडी तोच. किंगडम (प्राणी की वनस्पती) पण भरा, ईनँथी नावाची प्रजाती पक्ष्यांतही आहे आणि वनस्पतींतही, नुसतं नाव जुळवताना गाडी भलत्याच झाडावर चढते.

तळ्याकाठचा:
तीन आठवड्यांनी परत आलो. एक ओळखीची संस्था तयार झाली. उभी शीट झाली, बगळे तुम्ही म्हणालात तसे केले. ११ तारखा वहीतून सुटल्या, २ सुटल्या नाहीत, त्यांना नुसतं वर्ष ठेवलं.

पण आमचा पराक्रम ऐका. जीबिफच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे फाइल तपासणाऱ्या साधनात, फाइल टाकली तर जिओडेटिकडेटमच्या (अक्षांश-रेखांश कुठल्या प्रणालीतले ते सांगणारा रकाना) नावाने बोंब. बघतो तर पहिल्या ओळीत डब्ल्यूजीएस८४, दुसऱ्या ओळीत डब्ल्यूजीएस८५, मग ८६, ८७... शेवटच्या फेरीला डब्ल्यूजीएस२०९ 😭 कोपरा धरून खाली ओढलं होतं ना, एक्सेलने मोजत नेलं.

शून्यवादी:
हाहाहा, या क्लबात स्वागत आहे. एकदा आमच्याकडे जागेच्या नावात ‘तळे क्र. १’ होतं, ओढता ओढता तीनशे चाळीस तळी झाली. कंट्रोल दाबून ओढा नाहीतर सरळ कॉपी-पेस्ट करा.

जुनापापी:
जागेच्या अनिश्चिततेचा रकाना राहिलाय का बघा, कोऑर्डिनेटअनसर्टन्टीइनमीटर्स. तळ्याच्या मध्याचा बिंदू दिला असेल तर तुमची सगळी वाट आत येईल एवढी त्रिज्या मीटरमध्ये टाका, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बदकं एकाच दगडावर उभी होती.

तळ्याकाठचा:
राहिलाच होता. ४५० टाकतो. रविवारी फेरी आहे, १२७ वी, तिची शीट पहिल्यापासून उभीच भरणार.