मदत हवी आहे: वाळ्याचे ठोंब मधूनच वाळताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरजवळ राहतो. कुंपणालगत मुरमाड पट्टा आहे, तिथे लॉन टिकलं नाही. म्हणून 3 वर्षांपूर्वी वाळ्याचे 14 ठोंब ओळीने लावले. बारमाही हिरवं, पाणी कमी, मुळं 3 मीटरपर्यंत खाली जातात, आणि वाऱ्यावर डुलताना दिसतंही झकास. पहिली दोन वर्षं खरंच काही बघावं लागलं नाही.

यंदा मात्र ठोंबांचा मधला भाग पेंढ्यासारखा पिवळा पडलाय, फुटवे फक्त कडेने येताहेत. दोन ठोंबांत वाळक्या काड्यांवर मातीचं लिंपण दिसलं. बोटाने खरवडलं तर आत वाळवी! ती फक्त मेलेलं खाते की जिवंत कंदालाही लागते?

पाणी आठवड्यातून एकदा, तेही बोअरचं, थोडं मचूळच आहे. खत काहीच नाही. छाटणी, खरं सांगायचं तर, आळसापायी एकदाही केली नाही.

आता विळ्याने वीतभर ठेवून सगळं कापू का? एप्रिलच्या उन्हात कापलं तर जळेल, की जूनपर्यंत थांबू? ठोंब खणून, फोडून, कडेचे फुटवे नव्याने लावायचे तर एका ठिकाणी किती लावता? शेजारचे काका म्हणतात, "पेटवून दे, पावसात परत फुटेल." फुटेलही, पण शेजारीच त्यांचा कडबा रचलाय, हे ते विसरले बहुतेक.

कोरडवाहू भागात ज्यांनी स्वतः वाळा लावलाय, त्यांनी कृपया सांगा.