रि: टीनएजर मुलांसाठी वेलबीइंगचे तास घ्यायचे का?

नमस्कार मंडळी,

टर्म ४ मध्ये (वर्षाच्या शेवटच्या सत्रात) शनिवारची मराठी शाळा सुटल्यावर हॉल अजून तासभर आपल्याकडेच असतो, तर इयर ८ ते १० (म्हणजे आठवी ते दहावी) च्या मुलांसाठी पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचे, म्हणजे मन निरोगी आणि आनंदी कसं ठेवायचं ह्याचे, काही तास घ्यावेत असं कमिटीत निघालंय. ग्रॅटिट्यूड जर्नल (चांगल्या गोष्टींची वही), माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं), स्वतःमधले गुण ओळखणं वगैरे, सहा आठवडे. ट्यूशन, सिलेक्टिव्ह एन्ट्री (निवडक सरकारी शाळांची प्रवेशपरीक्षा), पुढे व्हीसीई (इथली बारावी), मुलांवर किती प्रेशर आहे ते आपण बघतोच. आईबाबांनी मुलांना सोडून तेवढ्या वेळात आपली कामं उरकून यावीत. कोणाला काय वाटतं ते लिहा, कोणी शिकवायला तयार असेल तर उत्तमच.

– कमिटीतर्फे, पॉइंट कूक, मेलबर्न

---

कल्पना चांगली आहे पण एक विचारते. माझी लेक इयर ९ ला आहे, तिला शाळेत दर आठवड्याला हाच तास असतो आणि तिला तो जाम बोअर होतो. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या म्हणे, ती लिहिते लंच, वायफाय, फ्रायडे, आणि वही बंद. ह्याने खरंच काही होतं का? की आपणही शनिवारी तेच करून घेणार आणि मुलं परत कंटाळणार?

– क्रेगीबर्नहून

---

ताई, तुमच्या लेकीचा कंटाळा मला पूर्ण पटतो. मी इथे जिलाँगला हायस्कूलमध्ये शिकवते, वेलबीइंगचा तास माझ्याकडेही असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते, सगळ्यांनी वाचावं ही विनंती.

पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचे मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते, तेव्हा त्यांनी हे लावून धरलं की मानसशास्त्राने नुसते आजार बघत बसू नये, माणसाचं जे बरं चाललेलं असतं त्याचाही अभ्यास करावा. पॉझिटिव्ह सायकॉलॉजी ती हीच. २००८ मध्ये ते आपल्या इथल्या जिलाँग ग्रामर स्कूलमध्ये काही महिने सहकुटुंब येऊन राहिले. आणि त्यांनी सुरुवात कुठून केली तर शिक्षकांपासून! जानेवारीत त्यांच्या टीमने शंभरेक शिक्षकांना नऊ दिवस ट्रेनिंग दिलं, आधी हे सगळं स्वतःच्या आयुष्यात वापरून बघा म्हणून, आणि मग वर्गात न्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच गळून गेलंय आणि वर्कशीट तेवढं राहिलंय.

ते तीन गोष्टींचं लिखाणच घ्या. २००५ च्या ज्या अभ्यासामुळे ते इतकं पसरलं त्यातली माणसं वयाने मोठी होती, इंटरनेटवर स्वतःहून भाग घेतलेली, आणि त्यांना आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचं होतं. तो 'का' सुटला की मग लंच, वायफाय, फ्रायडे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, मैत्रिणीने ट्रेनमध्ये माझ्यासाठी जागा धरली, का, तर ती आजारी असताना मी तिला नोट्स पाठवल्या होत्या. हे लिहिताना तिचं तिलाच कळलं की ह्यात आपलाही हात आहे. आणि रोज नको हो, आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, रोज केलं की मुलं उरकून टाकतात.

पण ह्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ब्रिटनमध्ये ८ हजारांवर मुलांवर माइंडफुलनेसच्या तासांची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला, तर शाळेत एरवी जे शिकवतात त्यापेक्षा त्याचा काही जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ऑस्ट्रेलियातही इयर ८-९ च्या हजारावर मुलांना भावना सांभाळण्याची कौशल्यं आठ आठवडे शिकवली, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात तर लगेचच्या तपासणीत मुलांचं आईवडिलांशी असलेलं नातं थोडं बिघडलेलंच दिसलं! ज्यांनी घरी सराव जास्त केला त्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं. का झालं ह्यावर वेगवेगळी मतं आहेत, माझं विचाराल तर मुलगा नवीन भाषा शिकून घरी जातो आणि घरात ती कोणालाच येत नाही, मग खटके उडणारच.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आईबाबांना बाहेर पाठवू नका, आत बसवा. सहा आठवडे नकोत, तीनच ठेवा, पण सगळे बसा.

पहिल्या तासाला मी काय घेईन सांगते. शेली गेबल म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अभ्यास केला की समोरच्याने आपल्याला चांगली बातमी सांगितली तर आपण काय बोलतो. वाईट बातमीला सगळेच धावतात, प्रश्न चांगल्या बातमीचा आहे. समजा मुलगा घरी आला, बॅग टाकली आणि म्हणाला, आई, डिबेटिंग टीममध्ये घेतलं मला. आता एक आई फोनवरून नजर न काढता म्हणते, "हं, छान." दुसरी म्हणते, "बरं, डबा काढून ठेव आधी." तिसरी म्हणते, "अरे पण डिबेटिंग बुधवारीच ना, मग मॅथ्सच्या ट्यूशनचं काय?" आणि चौथी गॅस बारीक करते, वळते आणि विचारते, "हो? कधी कळलं? काय बोललास तू ट्रायलला?" आणि मग तो दहा मिनिटं थांबत नाही. पहिल्या तिघी प्रेम करत नाहीत असं मुळीच नाही, ट्यूशनवाली तर काळजीनेच बोलते, पण मुलाच्या हातात काय पडलं? हे चारही प्रकार आईबाबा आणि मुलांनी जोडीने करून बघायचे, आणि मुलांनी आईबाबांना पण तसंच विचारायचं, कारण ऑफिसातलं चांगलं काही आपणही घरी सांगत नाही.

दुसऱ्या तासाला घटना, तिच्याबद्दलचा विचार आणि त्यातून येणारी भावना वेगळी करायला शिकणं. हे आपल्याला परकं नाही, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती ठाण्याच्या आयपीएच ह्या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी कितीतरी वर्षं मराठीतून समजावून सांगतायत, आजी-आजोबांपैकी कोणी ऐकलंही असेल. सिलेक्टिव्ह एन्ट्रीत नंबर लागला नाही ही घटना. "मी ढ आहे" हा विचार. रडू येतंय ते त्या विचाराचं. मुलांना हे पटकन जमतं, मोठ्यांना वेळ लागतो.

आणि एक नियम आधीच ठरवून टाका, हॉलमध्ये कोणालाही स्वतःचं खासगी सांगायला लावायचं नाही. आपण सगळे एकमेकांच्या ओळखीचे, मुलं त्यामुळेच गप्प बसतील.

– जिलाँगहून

---

ताई, खूप धन्यवाद, मी संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही नक्की येऊ. पण माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा इयर १० ला आहे, गेले काही आठवडे रात्री झोपत नाही, फुटी (इथला फुटबॉल) सोडली, मित्रांकडे जात नाही, जेवणसुद्धा खोलीतच. त्याला ह्या तासांनी फरक पडेल का? टर्म ४ पर्यंत थांबू का?

– टार्नीटहून

---

दादा, थांबू नका. हे तास बऱ्यापैकी ठीक असलेल्या मुलांसाठी आहेत, तुम्ही जे लिहिलंय त्यावर हा उपाय नाही. त्याला चांगल्या गोष्टी लिहायला तर आत्ता अजिबात सांगू नका, त्याला वाटेल की आपला त्रास कोणाला दिसतच नाहीये.

उद्याच जीपीची (फॅमिली डॉक्टरची) लांब अपॉइंटमेंट घ्या, बुक करतानाच सांगा की मेंटल हेल्थसाठी आहे. जीपी मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन करून देतात, त्यावर वर्षाला दहापर्यंत सेशन्सना मेडिकेअरचे (सरकारी आरोग्य योजनेचे) पैसे मिळतात, मात्र काही सायकॉलॉजिस्टना वरचे पैसे द्यावे लागतात ते आधी विचारून घ्या. हेडस्पेसची मानसिक आरोग्याची सेंटर्स १२ ते २५ वयासाठीच आहेत, तिथे तो स्वतःही जाऊ शकतो. त्याला तुमच्याशी बोलायचं नसेल तर किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००, फुकट आहे, रात्रीसुद्धा असतात. जीव नकोसा झालाय असं काही तो बोलला तर त्याला एकटं सोडू नका, ट्रिपल झिरोला (०००) फोन करा नाहीतर सरळ इमर्जन्सीला न्या.

शाळेतल्या वेलबीइंग कोऑर्डिनेटरलाही कळवा, पण मुलाला सांगून. मला ह्या मेलिंग लिस्टवर नको, वेगळा मेल करा, मी आज रात्री जागी आहे.

– जिलाँगहून