बोतोची गोष्ट गोड कशी?

रानपाखरू:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘अ‍ॅमेझॉनच्या लोककथा किती निरागस! कुरुपिरा जंगल राखतो, बोतो प्रेम शिकवतो.’ (कुरुपिरा म्हणजे तिथल्या कथांमधला रानातला भूत.) वाचून इतकी चिडचिड झाली की सविस्तरच लिहिते. बोतो म्हणजे नदीतला गुलाबी डॉल्फिन. जूनमधल्या सणांच्या रात्री तो पांढऱ्या कपड्यांतला देखणा पुरुष होऊन येतो. डोक्यावरचं नाकाचं भोक दिसू नये म्हणून टोपी काढत नाही. पोरीला नाचवतो, नदीकाठी नेतो, पहाटे पाण्यात नाहीसा. बापाचं नाव नसलेल्या मुलाला तिकडे ‘बोतोचं पोर’ म्हणतात. आणि तो बाप कधीकधी घरातलाच असतो. हे प्रेम?

ओहोटी:
लांबून बोलणं सोपं आहे. मी ब्राझीलमधल्या बेलें शहरात तीन वर्षं काढली. शेजारच्या आजी नदीकाठच्या गावातून आलेल्या, सोळाव्या वर्षी दिवस गेलेले. बोतो म्हटलं म्हणून वडिलांनी घरात ठेवलं, नाहीतर हाकललं असतं, असं त्या स्वतः सांगायच्या. त्या गोष्टीनेच त्यांना छप्पर दिलं.

रानपाखरू:
आणि त्या माणसाला मोकळं सोडलं.

जुनी पोथी:
अवांतर आहे, पण तिथल्याच कथांमधल्या, पाण्यात राहणाऱ्या इआराला ‘जलपरी’ म्हणणं कृपया थांबवा. तिचं जुनं रूप पोर्तुगीज लेखक गांदावोच्या १५७६ च्या पुस्तकातला इपुपियारा, ब्राझीलमधल्या साओ व्हिसेंतच्या किनाऱ्यावर मारलेला जलराक्षस. गाणारी सुंदर बाई ही एकोणिसाव्या शतकातली, युरोपच्या मत्स्यकन्येवरून आलेली. आणि कुरुपिरा निरागस? अंशिएता नावाच्या जेझुइट मिशनऱ्याने १५६० मध्ये लिहून ठेवलंय की तो रानात लोकांना फटके मारतो, जीवही घेतो, म्हणून लोक वाटेवर पिसं आणि बाण ठेवून जातात.

गाळपेर:
फटके मारतो म्हणून तर धाक! पावलं उलटी, माग काढणारा शिकारी भरकटतो. बोतोचंही तेच. त्याला मारलं तर वाईट होतं या भीतीनेच डॉल्फिन टिकले.

पाणवठा:
कुठे टिकले? पिराकातिंगा मासा धरायला आमिष म्हणून बोतो कापले गेले. शेवटी ब्राझीलला २०१५ पासून त्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. बेलेंच्या बाजारात वशीकरणासाठी बोतोचे डोळे म्हणून विकतात, ते याच गोष्टीमुळे. २०२३ च्या दुष्काळात अ‍ॅमेझॉनमधल्या तेफे तळ्याचं पाणी ३९ अंशांवर गेलं, दीडशेहून जास्त डॉल्फिन मेले. तिथे कुठली भीती कामी आली?

ओहोटी:
तो मासा खपायचा कोलंबियात. मागणी बाहेरची. दुष्काळ काय कोळ्यांनी आणला? नदीकाठच्या लोकांवर किती ढकलाल?

पाणवठा:
दुष्काळाचं सोडा. सुरा कुणाच्या हातात होता ते सांगा.

गाळपेर:
कर्ज असलेल्या माणसाच्या हातात! पोट भरलेलं असलं की धाक पाळता येतो. तुम्ही कधी रिकामं जाळं ओढलंय? माझ्या वडिलांनी ओढलंय, मालवणला. ताडकन बोलू नका.

पाणवठा:
बरं, ते मागे घेतो. आमिषाचं नाही.

रानपाखरू:
डॉल्फिनवरून सगळे हमरीतुमरीवर आलात, पोरींचं कुणी बोलेना. भीतीने काही डॉल्फिन वाचले असतील, मान्य. आजींना छप्पर मिळालं, तेही मान्य. ओहोटी, एकच सांगा. मूल कुणाचं ते त्यांना माहीत होतं?

ओहोटी:
होतं. गावालाही होतं. त्याचं दुकान होतं. आजी मीठ तिथूनच आणायच्या.