खिशातल्या .३८० पिस्तुलात कोणती गोळी भरावी?

एडिसनकर
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीत पिस्तूल बाळगण्याचा परवाना सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. रात्री उशिरा दुकान बंद करणाऱ्या आपल्यातल्या काहींनी तो काढलाय. पसंती बहुधा रुगर एलसीपीसारख्या पिस्तुलाला: पावणेतीन इंची नळी, वजन पाव किलोच्या जरा वर, .३८० एसीपी काडतूस. मग प्रश्न येतो गोळीचा, आणि शस्त्रांचा दुकानदार हमखास महागडी हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी पुढे करतो.

माझं ठाम मत, एवढ्या आखूड नळीला साधी फुल मेटल जॅकेटच, म्हणजे धातूचं पूर्ण कवच असलेली, न फुलणारी गोळीच बरी. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका हल्लेखोराला ९ मिमीची हॉलो पॉइंट गोळी लागली होती. ती दंडातून छातीत गेली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो त्यानंतरही गोळ्या झाडत राहिला. त्या प्रकरणानंतरच एफबीआयने, मांसाऐवजी चाचणीला वापरतात त्या जिलेटिनमध्ये, १२ ते १८ इंच शिरकावाची अट घातली. ९ मिमीची ही गत, तर .३८०मध्ये जोर आणखी कमी. टोक फुललं की गोळी बऱ्याचदा १२ इंचांच्या आतच अडकते. हिवाळ्यात समोरच्याच्या अंगावर जाड कोट असतो, त्याचं कापड पोकळ टोकात भरतं, हेही लक्षात घ्या.

ह्यूस्टनवासी
एडिसनकर, तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. त्याच एफबीआयने १८ इंचांची वरची मर्यादाही घातली आहे, आणि .३८०ची जॅकेटवाली गोळी ती सहज ओलांडते. आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला लागली, तर जबाबदार तुम्हीच. पोलिसांनी हॉलो पॉइंट स्वीकारली त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. शिवाय १९८६ची गोळी आणि आजची गोळी एकच धरून कसं चालेल? फेडरल कंपनीची ९९ ग्रेन वजनाची एचएसटी मायक्रो ही हॉलो पॉइंट किंवा हॉर्नडीची ९० ग्रेनची क्रिटिकल डिफेन्स लहान पिस्तुलं डोळ्यांपुढे ठेवूनच बनवलेली आहे. क्रिटिकल डिफेन्सच्या टोकात लाल पॉलिमर भरलेलं असतं, ते कापड आत गच्च बसू देत नाही.

एडिसनकर
आरपार जाण्याची भीती मलाही आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या हातून नेम चुकतो, आणि चुकलेली गोळी कुठल्याही टोकाची असली तरी पुढे जातेच. इथल्या अपार्टमेंटच्या जिप्समच्या भिंती हॉलो पॉइंटलाही थोपवत नाहीत. भुगा टोकात भरतो आणि ती जॅकेटवाल्या गोळीसारखीच पार होते.

पार्सिपनीकर
तुम्हा दोघांच्या वादात कायदा राहूनच गेला. टेक्सासमध्ये कुणी विचारणार नाही, पण न्यू जर्सीत हॉलो पॉइंट घरात ठेवता येते, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, नेता-आणता येते, मात्र खिशातल्या पिस्तुलात भरून रस्त्यावर फिरता येत नाही. परवाना असला तरी नाही! दुकानात विकत मिळते म्हणून बाळगायलाही चालत असेल असं समजू नका. टोकात पॉलिमर भरलेली गोळी राज्य पोलीस हॉलो पॉइंट धरत नाहीत, आणि त्यांच्या माहितीत क्रिटिकल डिफेन्सचं नाव उदाहरण म्हणून आहे. त्यामुळे इथल्या माणसापुढे साधी जॅकेटवाली किंवा ही लाल टोकाची, असे मुख्यतः दोन रस्ते उरतात. मी दुसरीच्या बाजूने आहे, पण तुमच्या पिस्तुलात ती न अडकता चढत असेल तरच. नव्या आलेल्यांपैकी कुणाचं करिअर आणि व्हिसा एका मॅगझिनपायी पणाला लागू नये, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

खडकीवाला
इकडे भारतात हा प्रश्नच वेगळा. ९ मिमी सामान्य परवानाधारकाला निषिद्ध, म्हणून बहुतेकांकडे .३२, आणि आमच्या खडकीच्या कारखान्याची केएफ छापाची काडतुसं. पण तिकडे कुणी .३२चं खिशातलं पिस्तूल घेत असेल तर एक सांगतो. त्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. हॉलो पॉइंट लांबीला कमी असल्याने मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकते, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकते आणि सगळं ठप्प. तिथे मी एडिसनकरांच्याच बाजूने.

प्लेन्सबोरोची ताई
किती इंच शिरते यावर तुम्ही इतकं लिहिलंत, आणि घरी आल्यावर ते पिस्तूल कुठे ठेवता यावर एक ओळ नाही. माझ्याकडे दोन लहान मुलं आहेत. भरलेलं शस्त्र मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं इथे गुन्हा आहे. आधी कुलूपबंद पेटी घ्या, मग गोळी निवडा.

ह्यूस्टनवासी
ताई, पूर्ण मान्य. फक्त एक जोड देतो. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवलं की गोळी हळूहळू पुंगळीत मागे दबते आणि झाडताना आतला दाब धोकादायक वाढतो. भरलेलंच, पण कुलपात ठेवणं त्यापेक्षा बरं. ज्यांना रिकामं करायचंच आहे त्यांनी वरचं काडतूस नव्याशेजारी धरून लांबी पाहावी, आणि आखूड दिसलं तर ते वापरू नये. पार्सिपनीकर, कायद्याचं मला माहीत नव्हतं. तुमच्या राज्यात माझी एचएसटीची शिफारस मागे घेतो, टेक्सासमध्ये नाही.

एडिसनकर
लाल टोकाची पंचवीसची दोन खोकी आणतो आणि माझ्याच पिस्तुलातून रेंजवर झाडून बघतो. एक जरी अडकली तर खिशात जॅकेटवालीच राहील. पेटी घरात आधीपासून आहे, ताई.